अक्षराखालचा निळा ठिपका

मी काठी बोलतेय. लगेच पाय आवरून घेऊ नका, मी मारायची काठी नव्हे. म्हातारपणी धरून चालायचीही नव्हे, आणि कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी पेंटरची काठी. भिंतीवर अक्षरं लिहिताना पेंटर जिच्यावर मनगट टेकवतो, ती. लांबी पावणेतीन फूट, एका टोकाला चिंध्यांचा लिंबाएवढा गोळा. गोळा भिंतीला टेकवायचा, दुसरं टोक डाव्या हातात धरायचं आणि ब्रशचा उजवा हात माझ्या अंगावर ठेवून लिहायचं. मग हात हलत नाही आणि ओल्या रंगाला लागत नाही. माझं काम एवढंच.

जन्म माझा पुण्याजवळच्या मांजरी गावातला, नदीकाठच्या बांबूच्या बेटातला. तेव्हा मांजरी म्हणजे ऊस आणि उसामागे पुन्हा ऊस. आता तिथं चौदा-चौदा मजल्यांच्या सोसायट्या झाल्यात. त्यांच्या दारावरची नावं इंग्रजीत असतात आणि रात्री लुकलुकतात. असोत बापड्या.

सोनबा पेंटरांनी मला कापलं, तासलं, जाळावर शेकून सरळ केलं आणि स्वतःच्या जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून माझं डोकं बांधलं. सोनबा हडपसरपासून पुढं सोलापूर रस्त्यानं दुकानांच्या पाट्या लिहायचे. बोलायचे फार कमी. शिकणाऱ्याचा काना वाकडा गेला तर रागवायचे नाहीत. फडक्यानं काना पुसायचे आणि बाहेर जाऊन विडी पेटवायचे. ते परत येईपर्यंत शिकणाऱ्याचा जीव टांगणीला.

पोपट त्यांच्याकडे आला तो मॅट्रिक होऊन, अठराव्या वर्षी. तीन वर्षं त्याचं मनगट माझ्या अंगावर होतं. इतकं, की मधल्या पेराजवळची माझी साल झिजून गुळगुळीत झाली. आजही हात लावलात तर ती जागा सापडेल.

सोनबांची एक रीत होती. शिकणाऱ्याचं अक्षर बसलं की ते चारचौघांसमोर त्याच्या हातातली काठी काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "याचा टेकू सुटला." त्या दिवसापासून तो पेंटर. काठी त्याला घरी न्यायला द्यायचे, पण पुन्हा हाताखाली धरायची नाही. धरली तर लोक समजायचे, गडी अजून शिकतोय. पोपटचा टेकू एका किराणा दुकानासमोर सुटला. दुकानदार, गिऱ्हाईकं, चहावाला, सगळे बघत होते. पोपट मान खाली घालून हसत होता आणि मी सोनबांच्या काखेत. त्याचा मान झाला, माझी नोकरी गेली. त्याला बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी दाराआड गेले. पोपटचं लग्न झालं, शालन घरात आली आणि तिनं आठ दिवसांत मला हुडकून काढलं. गच्चीवरची कपड्यांची दोरी तिच्या हाताला पोचत नव्हती. झालं! ओली लुगडी, चादरी, पुढं चेतनची दुपटी, सगळं माझ्या डोक्यावरून वर जायला लागलं. अडतीस वर्षं मी हेच केलं. मधेमधे जळमटं काढली, एकदा पंख्यात अडकलेला पतंग काढला. शालन कपडे वाळत घालताना बोलत असते, त्यामुळे घरातली कुठली गोष्ट मला कळायची राहिली नाही.

पोपट मोठा पेंटर झाला. मोकळ्या हातानं लिहायचा, एका दमात, वरून खाली. गावातल्या बुद्ध विहाराची पाटी दर दोन वर्षांनी नव्यानं लिहायची, ती त्यानंच. पांढऱ्यावर निळी अक्षरं. पुढं फ्लेक्स आले, आणि गंमत बघा, मांजरीतलं पहिलं फ्लेक्सचं दुकान चेतननंच टाकलं. बापलेकांत त्यावरून कधी भांडण झालं नाही. पोपट एवढंच म्हणायचा की फ्लेक्स फाटतो, आणि चेतन म्हणायचा की म्हणून तर आप्पा, परत छापायला येतात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पोपट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. सकाळी तोंड धुताना त्यानं शालनला विचारलं, लाईट गेली का? लाईट होती. त्याच्या उजव्या बाजूला अंधार होता. दुखत काही नव्हतं, त्यामुळे त्यानं ठरवून टाकलं की मोतीबिंदू असणार, सगळ्यांना होतो. पाच दिवस घरातलेच थेंब घालत बसला. सहाव्या दिवशी नातीला संशय आला. निकिता, चेतनची मुलगी, वाघोलीच्या शाळेत नववीला आहे, डोकं तरतरीत. तिनं आजोबाच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि विचारलं, आप्पा, किती बोटं? पोपट म्हणाला, बोटं तर दाखव आधी. ती केव्हाची दाखवत होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यामागची रक्ताची नळी बंद पडली, रक्तदाब वाढला होता. उजव्या डोळ्याची नजर आता यायची नाही. लगेच आला असतात तरी खात्री नव्हती, म्हणाले, पण यायला हवं होतं. डावा चांगला आहे, त्याला जपा. आणि अंतर कळायला वेळ लागेल, जिना आणि शिडी सांभाळा. शालननं हे सगळं मला सांगितलं आणि मग एक ओला टॉवेल तोंडाशी धरून उभी राहिली. मी काय करणार? मी उभी राहिले तिच्याबरोबर.

एक डोळा गेला म्हणजे अर्धं दिसतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं हो. दिसतं पुष्कळ, पण कोण जवळ आणि कोण लांब हे समजत नाही. पोपट चहा ओतायचा तो कपाच्या शेजारी. पाण्याच्या पेल्याला हात घालायचा तो पेल्याच्या अलीकडेच मिटायचा. पायरी संपली असं वाटून पाय टाकायचा, तर अजून एक असायची. उजवीकडून शालन आली की दचकायचा, आणि दचकलेलं लपवायला तिच्यावरच खेकसायचा.

घर हळूहळू शिकलं. निकितानं सांगितलं की आप्पा, किटलीची चोच आधी कपाच्या काठाला लावा आणि मग ओता. चहा कपात पडायला लागला. जेवताना शालन उजवीकडची डावीकडे येऊन बसली, लग्नानंतर पहिल्यांदा. चेतन दुकानातून आला की दारातूनच आवाज द्यायला लागला. पोपट मान जरा उजवीकडे वळवून चालायला शिकला. या गोष्टी बसल्या. पण ब्रशाचा डबा खाटेखाली सरकवलेला होता आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

त्यात विहाराची नवी कमान उभी राहिली. सिमेंटची, बारा फूट उंच. बुद्धपौर्णिमेला तिच्यावर नाव हवं होतं, 'धम्मदीप बुद्ध विहार'. विहार समितीचे ज्ञानदेव, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घरी येऊन सांगून गेले की नाव पोपटरावांच्या हातचंच पाहिजे. तेव्हा पोपटनं सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. समितीला कळलं तर पुन्हा कुणी पाटी लिहायला बोलावणार नाही, ही धास्ती. हो म्हणाला आणि चहा घ्या म्हणाला.

नमुना म्हणून विहाराच्या मागच्या भिंतीवर एक शब्द लिहायचा ठरला. मी तिथं नव्हते, पण निकितानं आजीला सांगितलं तेव्हा दोरीखालीच होते. पोपटनं ब्रश उचलला आणि हवेतच फिरवला. भिंतीला लागलाच नाही. दुसऱ्यांदा पुढं झाला तर ब्रश भिंतीवर चेंगरला आणि 'ध'चं पोट फुटलं. तो थांबला, ब्रश पुसला आणि रंगाचा डबा शेजारच्या फळीवर ठेवायला गेला. फळी चार बोटं अलीकडे होती. डबा त्यानं हवेत ठेवला. निळा रंग नव्या पांढऱ्या पायऱ्यांवरून खालपर्यंत गेला. पोपट ज्ञानदेवांना म्हणाला, हात थरथरला जरा, आणि घरी आला.

त्यानंतर चेतननं एक चूक केली. कुणाला न सांगता कमानीचं माप घेतलं आणि दुकानात अक्षरं तयार करायला घेतली, चिकटवायची. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पौर्णिमेला कमान मोकळी दिसू नये आणि बापानं बारा फुटांवर चढू नये, एवढंच. पण पोपट दुकानात गेला आणि त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर विहाराचं नाव पाहिलं. "छान हाय," म्हणाला. दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी शालनचा खांदा आखडला. तिनं खालून ओरडून सांगितलं की अहो, तेवढी चादर दोरीवर टाका. पोपट चादर घेऊन वर आला. दोरीला हात घातला, दोरी सापडेना. पुन्हा घातला. मग त्यानं कोपऱ्यातली मी उचलली, चादर माझ्या डोक्यावर घेतली आणि वर नेली. चादर दोरीवर पडली, मी पुढं गेले आणि माझा गोळा मागच्या भिंतीला टेकला.

पोपट थांबला. मला मागं घेतलं आणि पुन्हा भिंतीला टेकवलं. डावा डोळाही मिटला आणि पुन्हा टेकवलं. भिंत कुठं आहे ते त्याच्या डाव्या हाताला कळत होतं, डोळ्याला विचारावंच लागत नव्हतं. मग त्याचं उजवं मनगट माझ्यावर आलं आणि मधल्या पेराजवळच्या त्या गुळगुळीत जागी जाऊन बसलं. मला रडू आलं असतं, पण बांबूला ती सोय नाही.

तो खाली गेला आणि खाटेखालचा एक ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. उन्हानं तापलेल्या भिंतीवर त्यानं पाण्यानं 'ध' लिहिला. बरा आला. दुसरा लिहीपर्यंत पहिला वाळून गेला. दुसरा त्याहून बरा.

मग रोज हेच. दुपारी जेवण झालं की पोपट गच्चीवर. चादरीच्या आडोशाला उभा राहायचा, शेजारच्या सोसायटीतून कुणाला दिसू नये म्हणून. शालनला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती फक्त रोज चादरी धुवायला लागली. स्वच्छ, न वापरलेल्या चादरी. निकितानं विचारलं की आजी, कालच तर धुतल्यास. त्यावर शालन म्हणाली, तुला घालायच्या आहेत का वाळत? नाही ना?

महिना गेला. अक्षर परत आलं. अगदी पहिल्यासारखं एका दमात नव्हे, दोन दमांत, पण पोपटचंच. पौर्णिमेला दहा दिवस राहिले आणि तो पायरीवर बसून शालनला म्हणाला की मला जमतंय, पण मी जाणार नाही. चेतनला सांग, तुझी अक्षरं लाव.

शालननं कारण विचारलं.

"सोनबांनी चारचौघांत माझा टेकू काढून घेतला होता," तो म्हणाला. "चारचौघांत परत धरू? लोक म्हणतील, पोपट पेंटर संपला."

शालन कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली.

"अडतीस वर्षं माझी लुगडी ह्या काठीनं वर गेली," ती म्हणाली. "शालनला हात न्हाईत, असं कुणी म्हणालं का?"

पोपटनं तिच्याकडे बघितलं. बघायला त्याला सबंध मान वळवावी लागली, कारण ती उजवीकडे उभी होती. मग हसू आलं त्याला, दिवाळीनंतर पहिल्यांदा.

संध्याकाळी तो मला घेऊन विहारात गेला. समिती बसलेली होती. जयभीम घातला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई. तवा हात थरथरला म्हणालो, ते खोटं हुतं. काठी धरून लिहीन. चालणार असंल तर सांगा."

माझा गोळा फरशीवर टेकलेला होता. ज्ञानदेवांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"पोपटराव," ते म्हणाले, "समिती अक्षर बघते. हातात काय आहे ते बघायला समितीला वेळ नाही."

विषय संपला. पुढचा विषय खुर्च्यांचा होता.

घरी येऊन पोपट चेतनच्या शेजारी बसला आणि परांची बांधून देतोस का म्हणून विचारलं. उंचावर उभं राहून काम करायला बांबूंचा जो माचा बांधतात, ती परांची. चेतननं ती अशी बांधली की तिच्यावर म्हैस नाचली असती. तिन्ही बाजूंनी आडवे बांबू, आणि रंगाचा डबा डाव्या हाताच्या अंतरावर तारेनं पक्का बांधलेला, म्हणजे हवेत ठेवायचा प्रश्नच नाही. त्यानं अक्षरांच्या मापाच्या रेघा दोरीनं मारून दिल्या. पोपटनं रेघा घेतल्या, छापलेला कागद घेतला नाही. शालननं माझ्या डोक्यावरची जुनी चिंधी सोडली आणि नवी बांधली, तिच्या पांढऱ्या साडीच्या पदराची. सोनबांच्या धोतराचा तुकडा तिनं टाकला नाही, आतच ठेवला.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी सकाळी सातला आम्ही चढलो. चेतन उजव्या बाजूला उभा राहिला, पोपटला दिसत नव्हतं त्या बाजूला. खाली माणसं जमली. त्यांत दोन जुने पेंटर होते, सोनबांच्याच हाताखालचे. पोपटनं त्यांना पाहिलं. मग त्यानं मला डाव्या हातात धरलं, गोळा कमानीला टेकवला आणि मनगट माझ्यावर ठेवलं. सगळ्यांना दिसेल असं.

'ध' लिहिला, 'म्म' लिहिला. 'दी'ची वेलांटी वरून वळवून आणताना तो श्वास धरून होता आणि मीही. दर अक्षराला मी थोडी पुढं सरकत होते. ऊन चढलं. चेतन मधेच पाणी द्यायचा तो आधी बोलून आणि मग पेला हाताला लावून. बाराच्या आत 'विहार'चा 'र' संपला. खालून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही. त्या दोन पेंटरांपैकी एकजण बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, 'दी' सोनबांचा आहे. दुसरा हो म्हणाला. मग ते चहाला गेले.

निकितानं फोटो काढायला मोबाईल वर धरला आणि तिला ते दिसलं. 'र'च्या खाली, जरा उजवीकडे, एक निळा ठिपका होता. लिंबाएवढा, गोल. माझा गोळा कुठंतरी ओल्या रंगाला लागला होता आणि तसाच भिंतीला टेकला होता. तिनं आजोबाला सांगितलं. चेतननं लगेच टर्पेंटाइनचं फडकं पुढं केलं, आत्ता ओला आहे तोवर निघेल म्हणाला.

पोपटनं फडकं घेतलं. वाकला, मान उजवीकडे वळवली आणि त्या ठिपक्याकडे बघत राहिला. चूक पुसायची, हे त्याला अठराव्या वर्षापासून माहीत. मी त्याच्या डाव्या हातात होते. माझं काय व्हायचं ते ठरतंय, असं मला वाटलं. पुसला तर मी पुन्हा दाराआड.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि त्या फडक्यानं त्यानं माझं डोकं पुसलं.

तर अशी मी. सध्या मुक्काम मांजरीतच. सकाळी शालनचे कपडे वर टाकते, दुपारी पोपटच्या हाताखाली असते. त्याला आता जवळच्या शाळेची भिंत मिळाली आहे, पाढ्यांची. डोळा आला नाही, यायचाही नाही. परवासुद्धा त्यानं एक कप फोडला. शालन म्हणाली, कान तुटकाच होता त्याचा.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एक ऐका या म्हातारीचं. त्याच्या न दिसणाऱ्या बाजूनं जाताना आधी आवाज द्या. त्याच्या हातातली किटली काढून घेऊ नका, कप जरा त्याच्याजवळ सरकवा. आणि कधी मांजरीला आलात तर विहाराच्या कमानीखाली उभे राहा. नाव वाचून झालं की शेवटच्या अक्षराच्या खाली बघा. लोक विचारतात, तो ठिपका कशाचा? पोपट तिथं असला तर लपवत नाही. काठीचा, म्हणतो.